कवकाचा सुवास

यंदा महालक्ष्म्यांच्या नैवेद्याच्या दिवशी आमच्या धाराशिवच्या घरात एक लहानसा धर्मप्रश्न उपस्थित झाला, आणि मी जन्मभर मास्तरकी केली एवढ्याच कारणावरून त्याचा निर्णय देण्याचे काम माझ्याकडे आले. पुरणपोळी, सोळा भाज्या, ज्वारीची आंबील असे सारे ताट सिद्ध झाले होते. धाकट्या सूनबाईंनी मुलांच्या हट्टाखातर शेवयांच्या खिरीत व्हॅनिलाच्या अर्काचे दोन थेंब टाकले होते. पुण्यास सूक्ष्मजीवशास्त्र शिकणारी माझ्या वडील बंधूंची नात सणासाठी आली होती. तिने सहज ती बाटली हाती घेतली, तीवरचा ‘नैसर्गिक सुवास’ हा मजकूर वाचला आणि म्हणाली, “आजी, नैसर्गिक म्हणजे फुलाफळातूनच काढलेला असतो असे नाही हं. हल्ली असे वास जिवाणूंकडून आणि बुरशीकडूनही करून घेतात.”

झाले! वहिनींचा हात ताटावरच थांबला. “बुरशीची वस्तू महालक्ष्म्यांपुढे? भावजी, तुम्ही संस्कृत शिकलात, तुम्हीच सांगा, हे चालते का?” मी सवड मागून घेतली. खीर बाजूला राहिली, तिच्या जागी गुळाचा खडा ठेवला गेला आणि नैवेद्य यथासांग पार पडला. सूनबाई काही बोलल्या नाहीत. परंतु पहाटे चारला उठून केलेली खीर परत स्वयंपाकघरात गेली, याचे वाईट त्यांना वाटल्यावाचून राहिले नसेल. तेव्हा उत्तर तर दिलेच पाहिजे. पुढे नातीकडून पुष्कळ समजावून घेतले, काही स्वतः वाचले. आणि असा प्रश्न आज ना उद्या प्रत्येक घरात निघणार असल्यामुळे ते उत्तर वाचकांपुढेच मांडीत आहे.

प्रथम वहिनींची बाजू घेतो, कारण ती दुबळी नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण आणि कांदा यांच्या पंक्तीला ‘कवके’ बसवून ती वर्ज्य सांगितली आहेत. कवक म्हणजे भूछत्र. आणि आपल्या मराठी शास्त्रज्ञांनी भूछत्र, बुरशी, यीस्ट या साऱ्या वर्गाला मिळून हाच शब्द योजला आहे. म्हणजे वहिनींचा संशय नवा नव्हे, जुन्या वळणाचा आहे. परंतु त्याच अध्यायात थोडे पुढे गेले की दुसरी गोष्ट दिसते. आंबलेले पदार्थ वर्ज्य सांगून स्मृतिकार लगेच अपवाद देतात: दही व दह्यापासून झालेले पदार्थ, आणि शुभ फुले, मुळे, फळे यांच्या योगाने आंबवून सिद्ध केलेले पदार्थ भक्ष्य होत. कौटिल्यानेही सुराध्यक्षाच्या प्रकरणात उडदाचा कल्क व तांदूळ यांपासून ‘किण्व’ तयार करण्याची रीत दिली आहे. आजचा ‘किण्वन’ हा शब्द त्याच कुळातला. आज आपण काय खावे हे या ग्रंथांवरून ठरवावे, असे माझे म्हणणे नाही. कांदा-लसूण तर बहुतेक घरांत केव्हाच स्थिरावला आहे. तथापि नासणे निराळे आणि आंबवणे निराळे, हा विवेक आपल्याकडे फार जुना आहे एवढे यावरून दिसते.

आता ग्रंथ मिटून स्वयंपाकघरात शिरू. त्या दिवशी ज्या आंबिलीला कोणी हरकत घेतली नाही, ती ज्वारीचे पीठ ताकात भिजवून रात्रभर ठेवल्याने आंबते. तिचा आंबटपणा मुख्यतः जिवाणूंचा; परंतु अशा आंबवणात त्यांच्या जोडीला बहुधा यीस्टही असते, आणि यीस्ट हे एका पेशीचे कवकच होय. काळा मसाला तर आपल्या भागाची ओळख. त्यात पडणारे दगडफूल हे दगडही नव्हे आणि फूलही नव्हे. एक कवक आणि एक शैवाल यांनी मांडलेला तो एकत्र संसार आहे. शैवालाने उन्हावर अन्न शिजवावे आणि कवकाने घर बांधावे, अशी त्यांची वाटणी. हातात घेतलेल्या दगडफुलाचा मोठा भाग कवकाचाच असतो. कोरडे असता त्याला विशेष वास नसतो. तापल्या तेलात पडले की मातीचा आणि धुराचा असा गंभीर सुवास सुटतो. निषिद्ध कवक अशा रीतीने पिढ्यानपिढ्या आपल्या आमटीत आहे, आणि आपण त्याला ‘फूल’ म्हणून मोकळे झालो आहोत.

तिसरे उदाहरण याहून चमत्कारिक आहे. वाण्याकडे ‘लिंबूसत्त्व’ म्हणून पांढरी, स्फटिकासारखी पूड मिळते. ती आपण ढोकळ्यात आणि सरबतात घालतो. नावावरून ते लिंबाचे असावे असे वाटते, आणि एके काळी तसे होतेही. पहिल्या महायुद्धापूर्वी सायट्रिक आम्ल मुख्यतः इटलीतील लिंबांपासून निघत असे. १९१७ साली जेम्स करी या अमेरिकन शास्त्रज्ञाने असे दाखवून दिले की, ॲस्परजिलस नायजर नावाची काळी बुरशी साखरेच्या पाण्यावर योग्य रीतीने वाढवली तर ती हेच आम्ल मुबलक तयार करते. १९१९ साली फायझर कंपनीने त्यावर कारखाना सुरू केला, आणि लिंबांची सद्दी संपली. आज जगातले बहुतेक सारे सायट्रिक आम्ल याच बुरशीकडून येते. तिला साखर घालतात, उसाची मळी घालतात किंवा मक्याचे पिष्ट. साठवणीच्या कांद्याच्या सालीखाली जी काळी भुकटी दिसते, ती बहुधा हिचीच. म्हणजे वहिनींचे लिंबूसत्त्व बुरशीचे, हे आमच्या घरी कोणास ठाऊक नव्हते इतकेच.

येथवर चवीचे झाले, सुवासाचे काय? त्यासाठी बुरशीचे पचन समजून घेतले पाहिजे. आपण अन्न पोटात घेऊन पचवतो. बुरशीला तोंड नाही आणि पोटही नाही; म्हणून ती पचन बाहेरच उरकते. ज्या कोंड्यावर, लाकडावर वा पेंडीवर ती वाढते, त्यावर ती आपली पाचक द्रव्ये, ज्यांस शास्त्रात विकरे म्हणतात, सोडते. वनस्पतीच्या मोठ्या रेणूंचे तुकडे होतात, आणि ते तुकडे ती शोषून घेते. आता वास येणे म्हणजे एखाद्या द्रव्याचे रेणू हवेतून आपल्या नाकापर्यंत येऊन पोहोचणे. मोठा, जड रेणू उडत नाही. म्हणून त्याला वास नाही. तोच तोडून लहान केला की उडू लागतो. तात्पर्य, वनस्पतीत जड रूपाने बांधलेले द्रव्य नेमके हव्या त्या ठिकाणी तोडणे आणि नेमके हव्या त्या वेळी थांबणे, ही सुवासाची कारागिरी होय.

तिचे पहिले उदाहरण आपल्या जिल्ह्याच्या शिवारातच आहे. हरभरा आणि तूर पेरणाऱ्या शेतकऱ्यास ट्रायकोडर्मा हे नाव नव्याने शिकवावे लागत नाही. मर रोग टाळण्यासाठी पेरणीपूर्वी बियाण्यास जी भुकटी चोळतात, तिच्यात ही हिरवी बुरशी असते. रोग आणणाऱ्या बुरशीला ती जमिनीत वाढू देत नाही. प्रयोगशाळेत काचेच्या ताटलीवर ट्रायकोडर्मा वाढवली, तर तिच्या काही वाणांस खोबऱ्यासारखा वास येतो. १९७२ साली कॉलिन्स आणि हलीम या दोन संशोधकांनी या वासाचे द्रव्य ओळखले. ते पेंटिल पायरोन या नावाने ओळखले जाते. साखरेवर आणि शेतीच्या टाकाऊ मालावर ही बुरशी वाढवून खोबऱ्याचा सुवास मिळवण्याचे प्रयोग त्यानंतर अनेक ठिकाणी झाले. त्यात एक अडचण मोठी बोधप्रद आहे. हे द्रव्य जरा साचले की स्वतः बुरशीसच मारक होते. म्हणून ते तयार होताच सतत बाजूला काढावे लागते. ज्या अस्त्राने ती शत्रूला आवरते, तेच तिच्यावर उलटते.

दुसरे उदाहरण एरंडेलाचे. ज्यांनी लहानपणी रविवारी सकाळी नाक दाबून एरंडेल घेतले आहे, त्यांना त्यातून सप्ताळूचा, म्हणजे पीच या फळाचा, सुवास निघतो हे सांगितले तर थट्टा वाटेल. परंतु गोष्ट खरी आहे. एरंडेलातील मेदाम्लांपैकी सुमारे ९० टक्के एकच आम्ल असते, रिसिनोलेइक नावाचे. त्याचा रेणू म्हणजे कार्बनच्या १८ मण्यांची माळ. यारोविया नावाचे एक यीस्ट तेलावर उत्तम पोसते. ते ही माळ टोकाकडून दोन-दोन मणी तोडीत खाऊ लागते. चार वेळा तोडले की १० मणी उरतात. याच टप्प्यावर ती उरलेली माळ स्वतःशी वळून कडे करते, आणि त्या कड्याला पिकल्या सप्ताळूचा सुवास असतो. यीस्टला वेळीच थांबवले नाही, तर ते पुढचे मणीही खाऊन टाकते आणि हाती काही राहत नाही. हे द्रव्य, डेकालॅक्टोन, एके काळी फार महाग होते. या रीतीमुळे त्याची किंमत पुष्कळ उतरली. एरंडी पिकवण्यात आपला देश जगात पहिला आहे, आणि त्यातही गुजरात अग्रेसर.

आता मूळ तंट्याकडे, व्हॅनिलाकडे, येतो. व्हॅनिला ही मूळची मेक्सिकोकडची आमरवर्गातील वेल. तिच्या फुलाचे परागण हाताने करण्याची सोपी युक्ती १८४१ साली रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस नावाच्या १२ वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली, तेव्हा कुठे मेक्सिकोबाहेर तिची लागवड किफायतशीर झाली. शेंगा महिनोन् महिने मुरवल्यावरही त्यांत व्हॅनिलिन हे मुख्य सुवासद्रव्य शेकडा दोन भागांच्या आसपासच भरते. जगाची मागणी एवढ्याने कशी भागणार? १८७४ साली टीमान आणि हार्मान या जर्मन रसायनज्ञांनी पाइन वृक्षाच्या रसातील एका द्रव्यापासून ते कृत्रिम रीतीने बनवले. पुढे लवंगेच्या तेलापासून, कागद कारखान्याच्या सांडपाण्यापासून आणि खनिज तेलातून आलेल्या द्रव्यांपासूनही ते होऊ लागले. आज जगात खपणाऱ्या व्हॅनिलिनपैकी शेंगांतून आलेले शेकडा एक भागही नसते.

येथे आपल्या डब्यातला हिंग मदतीला येतो. १८६६ साली हिंगातून एक आम्ल वेगळे काढण्यात आले, आणि हिंगाच्या झाडाचे लॅटिन नाव फेरुला, त्यावरून त्याला फेरुलिक आम्ल म्हणू लागले. पुढे कळले की, हे आम्ल धान्याच्या कोंड्यातही असते: गव्हाच्या, मक्याच्या, तांदळाच्या आणि आपल्या ज्वारीच्याही. भिंतीच्या दगडांत चुना असावा तसे ते कोंड्याच्या पेशींच्या भिंती सांधून धरते. त्याचा रेणू व्हॅनिलिनचा सख्खा भाऊ शोभेल असा आहे. शेपटाचे दोन कार्बन तोडले की काम झाले. १९९६ साली फ्रान्समधील संशोधकांनी यासाठी दोन कवकांची जोडी लावल्याचे प्रसिद्ध केले. लिंबूसत्त्व देणारी तीच काळी ॲस्परजिलस नायजर फेरुलिक आम्लाचे व्हॅनिलिक आम्ल करते. मग मेलेल्या लाकडावर उगवणारे पिक्नोपोरस नावाचे शेंदरी कवक त्याचे व्हॅनिलिन करते. कच्चा माल म्हणून त्यांनी शर्कराकंदाचा चोथा आणि मक्याचा कोंडा वापरून पाहिला. आज कारखान्यांत हेच काम पुष्कळदा जिवाणूंकडून करून घेतात. सारांश, आमच्या नातीचे विधान अचूक होते.

मग अशा मालास ‘नैसर्गिक’ म्हणणे ही फसवणूक आहे काय? कायद्याने नाही. २००८ सालच्या युरोपीय नियमात, आणि त्याच साली ठरलेल्या कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेच्या मार्गदर्शक सूचनांत, वनस्पतिजन्य वा प्राणिजन्य मालापासून सूक्ष्मजीवांच्या वा विकरांच्या क्रियेने काढलेल्या सुवासद्रव्यास नैसर्गिक म्हणण्याची मुभा आहे. रसायनशाळेत केलेल्या व्हॅनिलिनचा रेणू आणि बुरशीने केलेल्या व्हॅनिलिनचा रेणू एकच. पोटाला त्यात भेद नाही, खिशाला मात्र आहे. शिवाय शेंगेच्या सुवासात व्हॅनिलिनखेरीज इतर अनेक द्रव्ये असतात; त्यातले एकच उचलले तर सूर मिळतो, राग मिळत नाही. तेव्हा बाटलीवरच्या ‘नैसर्गिक’ या शब्दाने हुरळून जाऊ नये, आणि बुरशी या शब्दाने दचकूही नये.

परंतु दचकू नये म्हणजे निर्धास्त व्हावे असे नव्हे. आणि या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. लिंबूसत्त्व देणाऱ्या ॲस्परजिलसचीच एक बहीण ॲस्परजिलस फ्लेव्हस. ओल लागलेल्या शेंगदाण्यावर आणि मक्यावर ती वाढते, आणि अफ्लाटॉक्सिन नावाचे यकृताचा नाश करणारे विष सोडते. १९७४ साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा या भागांत असा मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. १९९५ साली आपल्याच दख्खनच्या पठारावर, आंध्र आणि कर्नाटकातील काही खेड्यांत, पावसात भिजून बुरशी आलेली ज्वारी व मका खाल्ल्याने पुष्कळ लोक पोटदुखीने आणि जुलाबाने आजारी पडले. ते विष दुसऱ्याच एका बुरशीचे होते. भाजल्याने वा शिजवल्याने अफ्लाटॉक्सिन पुरते नाहीसे होत नाही. आणखी एक: असे दाणे वा पेंड गाईम्हशीस घातली तर विषाचा अंश दुधात उतरतो. भूम-परंड्याकडे घरोघर दुधाचा खवा होतो. तेथे तर हे ध्यानात ठेवलेच पाहिजे.

आता गंमत पाहा. याच विषारी ॲस्परजिलस फ्लेव्हसची अगदी जवळची, बांध्याने जवळजवळ तीच, अशी एक बुरशी जपानात शतकानुशतके सोयाबीन व गहू आंबवण्यासाठी पाळली गेली आहे. तिचे नाव ॲस्परजिलस ओरायझी. मुले शेवयांच्या चिनी प्रकारावर जो सोया सॉस ओततात, त्याची चव तिच्याकडून येते. पिढ्यानपिढ्या निवडून, निगा राखून जपानी कारागिरांनी तिला माणसाळवले. ती विष करीत नाही. २००६ साली तेथील आसवशास्त्राच्या संस्थेने तिला राष्ट्रीय बुरशी म्हणून गौरविले. कूळ तेच, परंतु एक घातक आणि एक अन्नदात्री. भेद पडला तो संस्कारांनी. शुद्धाशुद्ध कुळावरून ठरवण्याची खोड ज्यांना आहे, त्यांनी या दोन बहिणींकडे जरूर पाहावे.

आमच्या नातीला या कारखानदारीत आपल्या जिल्ह्याचे भवितव्य दिसते. ज्वारीचा कोंडा, उसाचे चिपाड, सोयाबीनचे कुटार आपल्याकडे काय कमी आहे, असे ती म्हणते. मी तिचा उत्साह मोडीत नाही. परंतु हा परसातला उद्योग नव्हे, हेही सांगून ठेवतो. कोंडा वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करावा लागतो, एकाच जातीची शुद्ध बुरशी लावावी लागते, उष्णता आणि हवा मोजून द्यावी लागते. आणि एवढे करून टोपलीभर कोंड्यातून चिमूटभर सुवास मिळतो. त्यासाठी कोंड्याइतकीच विद्या लागते. ती विद्या दूर नाही. पुण्यास १९४६ साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली. तीच आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते, आणि देशातील बुरशींचा राष्ट्रीय संग्रह तेथे आहे. जसे ग्रंथालयात ग्रंथ, तशा तेथे जिवंत बुरश्या जपून ठेवलेल्या असतात. आपल्या जिल्ह्यातील मुलामुलींनी ही विद्या शिकून गावी आणली, तरच कोंड्याला मोल येईल. नाही तर कोंडा आपला आणि सुवास दुसऱ्याचा, असे व्हावयाचे.

असो. हा मजकूर धाडण्यापूर्वी वहिनींना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि दोनच प्रश्न विचारले. “ती बुरशी खाते काय?” मी म्हणालो, “कोंडा, चोथा, तेल.” “आणि तिच्यावर नजर कोण ठेवते?” मी नातीकडे बोट केले. वहिनी हसल्या. “मग तिला माझी हरकत नाही. पण पुढच्या वर्षी खिरीत वेलदोडाच घालायचा. महालक्ष्म्यांना आपल्या घरचा वास ओळखीचा आहे.” मग सूनबाईंकडे वळून म्हणाल्या, “ती बाटली टाकू नका. दसऱ्याला मुलांना तुमच्या हातची खीर करा. मीही वाटीभर घेईन.”

एवढे बोलून त्या उठल्या, कोठीतला शेंगदाण्याचा डबा अंगणात आणून उन्हात पालथा केला आणि काळवंडलेले, हिरवट झालेले दाणे वेचून वेगळे काढू लागल्या. ते गाईच्या घमेल्यात जावयाचे ते त्या दिवशी उकिरड्यात गेले. वाचकांच्या घरीही पावसाळा सरताच हे एवढे काम व्हावे, अशी विनंती आहे.